शंका घ्या, पण दोन्ही बाजूंनी घ्या

मागे सारंगखेड्याला नातेवाइकांकडे जाणे झाले. रविवार होता. विहारात वंदना संपली, खीर वाटून झाली, आणि माणसे उठायच्या बेतात असताना मागे बसलेली एक लेकुरवाळी उभी राहिली. खांद्यावर तीन महिन्यांचे बाळ. म्हणाली, "आक्का, तुम्ही मासिकात आरोग्याचं लिहिता ना? मग मला एक सांगा. ह्याचा अडीच महिन्याचा डोस मी चुकवला. आता साडेतीन महिन्याचाही जवळ आला. देऊ का नको?"

तिचा मोठा मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण, म्हणजे एसएस. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकतात, वर्षातून चार-सहा वेळा शाळा बुडते, दोनदा रक्त चढवले आहे. नवरा-बायको दोघेही वाहक. बाळाची तपासणी अजून झालेली नाही. दीड महिन्याच्या डोसानंतर बाळाला रात्रभर ताप आला आणि मांडी सुजली. त्याच आठवड्यात तिच्या फोनवर निरोप आला: 'लसीने रक्ताच्या गुठळ्या होतात हे कंपनीने कोर्टात कबूल केले. सिकलसेलमध्ये रक्त आधीच अडकते. सिकलसेलच्या घरात लस म्हणजे विष.' तिने डोस थांबवला.

मग विहारातच वाद पेटला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "शिकलेली असून अडाण्यासारखं काय बोलतेस पोरी?" एक तरुण म्हणाला, "गुरुजी, तिला दटावू नका. गरिबांच्या पोरांवरच प्रयोग होतात, हा इतिहास आहे." एका आजीने सांगितले की तिच्या नातवाला सुई टोचल्यावर चार दिवसांत कळा आल्या होत्या. अर्धा तास सगळे बोलले. त्या बाईला मात्र उत्तर मिळाले नाही. मी तिला तेव्हा थोडक्यात 'डोस दे' म्हणून सांगितले, पण का द्यायचा हे नीट लिहीन असा शब्दही दिला. हा लेख त्या शब्दासाठी.

आधी तो निरोप तपासू. त्यात एक खरी गोष्ट आहे, म्हणूनच तो इतका पटतो. कोविडच्या काळात आपल्याकडे दिलेली कोविशिल्ड ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, मूळ कंपनी अॅस्ट्राझेनेका. या लसीने फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, ही गोष्ट कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयातील कागदपत्रांत मान्य केल्याची बातमी एप्रिल २०२४ मध्ये आली. पण युरोपच्या औषध नियंत्रकांनी हा संबंध एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. प्रमाण साधारण लाखात एक-दोन, तेही लस घेतल्यानंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात. २०२१ साली कोविशिल्ड घेतलेल्या माणसाने त्यासाठी आज रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही.

आता निरोपातली चूक पाहा. पहिली चूक, बाळाला कोविशिल्ड देतच नाहीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळते ती पेंटा. ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच रोगांवर असते. सोबत पोलिओ आणि रोटाचे थेंब असतात, आणि दीड, साडेतीन व नऊ महिन्यांना न्यूमोकोकल लस असते. यांचा कोविशिल्डशी काही संबंध नाही. दुसरी चूक, सिकलसेलमध्ये रक्त अडकते ते तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात म्हणून. कोविशिल्डच्या त्या दुर्मिळ त्रासात शरीरच प्लेटलेटच्या विरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दोन्हींना आपण 'रक्त गोठले' असे एकच नाव देतो, पण रोग दोन आहेत. निरोप लिहिणाऱ्याने एक खरी बातमी आणि एक खरा आजार घेतला, आणि दोन्हींची खोटी गाठ मारली.

उलट सिकलसेलच्या मुलाला लसीची गरज इतरांपेक्षा जास्त असते. आपल्या डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, जुनी माणसे तिला पाणथरी म्हणतात. रक्तातले जंतू गाळून मारण्याचे काम ती करते. वाकड्या पेशी अडकून अडकून सिकलसेलच्या मुलाची पाणथरी लहानपणीच निकामी होऊ लागते. मग न्यूमोकोकस आणि हिब हे जंतू रक्तात शिरले की त्यांना अडवणारे कोणी राहत नाही. सकाळी ताप आलेले लेकरू रात्रीपर्यंत हातचे जाऊ शकते. पेंटातला हिबचा भाग आणि न्यूमोकोकल लस नेमकी याच दोन जंतूंवर आहे. म्हणजे ज्या बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक आहे, त्याच बाळाच्या अंगावरची ढाल त्या निरोपाने काढून घेतली.

इतके सांगितले की गुरुजींसारखी माणसे म्हणतील, झाले, मुद्दा संपला. पण तो तरुण जे म्हणाला ते मी सोडून देणार नाही, कारण तेही खरे आहे.

२००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस हजारो मुलींना दिली गेली. त्यांत आदिवासी आणि गरीब घरच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे सात मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली. बुडणे, सर्पदंश, विष पिणे, मलेरिया अशी कारणे नोंदली गेली, लसीचा संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट उघडी पडली. अनेक संमतीपत्रांवर आईबापांच्या सह्याच नव्हत्या, वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या ठोकल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

आपल्या महाराष्ट्रातलेच दुसरे उदाहरण. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, तिघांना निलंबित केले.

तिसरे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच साली मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगने आजारी लेकरू पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या दोन तारखांत फक्त दोन महिन्यांचे अंतर आहे. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिनना दोषी ठरवून कामावरून दूर केले. पाच वर्षांनी सिद्ध झाले की ती एकोणीस माणसे एकाच बाटलीतली लस घेतलेली होती, आणि ती बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता.

ही तीन उदाहरणे एकाच पोत्यात भरून 'लस वाईट' असे म्हणता येत नाही. यवतमाळात लस पोटात गेलीच नाही. मुल्कोवालला देणाऱ्याच्या हाताची चूक होती. खम्ममला विचारण्याची, माणसाला माणूस समजण्याची चूक होती. आणि लसीचीच चूक कधी असते का? असते. कोविशिल्डचे वर सांगितले. मार्च २०२१ मध्ये लस घेतलेल्या एका अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू लसीच्या तीव्र अॅलर्जीने झाला, हे केंद्र सरकारच्याच समितीने त्या वर्षी जूनमध्ये मान्य केले.

म्हणून शंका आली की आधी स्वतःला विचारावे, माझी शंका कोणती? लसीवर, देणाऱ्या हातावर, की मला न विचारण्यावर? प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. हातावर शंका असेल तर बाटलीवरचे नाव आणि मुदत बघायला मागा, सुई नवी आहे का बघा. न विचारण्यावर राग असेल तर हक्काने विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सांगितले आहे की कोणालाही लस जबरदस्तीने देता येणार नाही, आणि लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांसमोर आल्या पाहिजेत. हा बाबासाहेबांच्या संविधानातल्या एकविसाव्या कलमाचा आधार आहे. पण सह्या वॉर्डनने केल्या याचा राग आपण आपल्या बाळाचा डोस चुकवून काढला, तर वॉर्डनचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपले.

आता त्या आजीचे. नातवाला सुईनंतर चार दिवसांत कळा आल्या, हे ती खोटे बोलत नाही. दीर्घ आजाराच्या घरातली माणसे जे भोगतात ते डॉक्टरांच्या पुस्तकात पूर्ण नसते. कुठल्या थंडीत दुखणे उठते, पाणी कमी पडले की काय होते, हे त्या आजीला आपल्यापेक्षा जास्त कळते. तिचे ऐकलेच पाहिजे. पण 'सुईनंतर आले' आणि 'सुईमुळे आले' यात फरक आहे. एक साधा हिशोब करू. समजा, एका मुलाला वर्षातून सहा वेळा कळा येतात. वर्षाचे आठवडे बावन्न. म्हणजे कोणताही एक आठवडा उचलला तर त्यात कळा येण्याची शक्यता सुमारे नवांत एक. अशा पन्नास मुलांना सुईतून नुसते पाणी टोचले, तरी पुढच्या आठवड्यात पाच-सहा मुलांना कळा येतीलच. त्या पाच-सहा घरांना आयुष्यभर वाटेल की सुईनेच झाले, आणि उरलेली चव्वेचाळीस-पंचेचाळीस घरे काही बोलणार नाहीत, कारण न घडलेली गोष्ट कोणी सांगत बसत नाही.

म्हणून एका घराचा अनुभव ही चौकशीची सुरुवात असते, निकाल नसतो. निकालासाठी टोचलेले आणि न टोचलेले असे दोन्ही गट मोजावे लागतात. आणि तशी मोजणी व्हायला हवी असेल, तर आजीने ती गोष्ट विहारात सांगून थांबायचे नाही, उपकेंद्रात नोंदवायची. लसीनंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद घेणे हे सिस्टर आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम आहे. तारीख घाला, नोंद झाली का हे विचारा. आपण नोंदवले नाही, तर 'आमच्यावर काय झालं ते सरकार मोजत नाही' असे म्हणण्याचा आपला हक्क निम्मा होतो.

आपल्यातले काही जण कालाम सुत्ताचा दाखला देतात. म्हणतात, बुद्धानेच सांगितले आहे की कुणाचे ऐकू नका. मी नम्रपणे सांगते, हे अर्धेच सुत्त आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, हे खरे. पण पुढे असेही आहे की जे केल्याने अहित होते ते स्वतः पारखून सोडा, जे हिताचे आहे आणि जाणती माणसे ज्याला नावे ठेवत नाहीत ते पारखून धरा. आता फोनवर आलेला निरोप हे ऐकीव नाही तर काय आहे? सरकारी पत्रकावर शंका घ्यायची आणि निनावी निरोपावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, ही चिकित्सा नव्हे. तिथे नुसती गुरूची गादी बदलली.

सारंगखेड्याच्या लोकांना पारख शिकवण्याची गरज नाही. दत्त जयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा गिऱ्हाईक काय काय बघते! दात उघडून वय मोजते, पाय उचलून खूर पाहते, चार पावले पळवून चाल पाहते, मालक कोण, आधी कुठे होता हे विचारते. विकणारा कितीही गोड बोलला तरी पैसे आधी काढत नाही. मग लेकराच्या जिवाच्या बातमीला निदान तेवढे तरी प्रश्न विचारू:

सांगणारा कोण? नाव, गाव, तारीख आहे का?

कोणत्या लसीबद्दल आहे? 'लस' एवढेच लिहिले असेल तर निरोप बाजूला ठेवा.

किती जणांत किती जणांना त्रास झाला?

लस घेतली नाही तर काय होईल, हे सांगितले आहे का? तराजूचे एकच पारडे दाखवणाऱ्यावर विश्वास नको.

सांगणाऱ्याचा फायदा काय? निरोपाच्या शेवटी एखादे चूर्ण, काढा, ताईत विकायला आहे का?

आणि शेवटचा: चूक निघाली तर हा माणूस मला भेटेल का? सिस्टर भेटेल, डॉक्टर भेटेल. निरोप पाठवणारा भेटणार नाही.

हेच प्रश्न सरकारी माणसालाही विचारा. जो प्रश्नाचा राग मानत नाही आणि 'हे मला माहीत नाही, विचारून सांगतो' असे म्हणू शकतो, तो विश्वासाचा माणूस. गुरुजींनाही माझी विनंती आहे. प्रश्न विचारणाऱ्या आईला अडाणी म्हणू नका. आपण दटावले की ती गप्प बसते, पण तिची शंका गप्प बसत नाही. ती फोनकडे वळते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. त्या अर्ध्या तासाच्या वादात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही उशिरा आली. आपण बाळाच्या डोसावर भांडत होतो, आणि बाजूला नऊ वर्षांचा एसएस मुलगा खीर खात बसला होता. त्याच्या कार्डावर न्यूमोकोकल लस नाहीच. ही लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०२१ मध्ये आली, तो त्याच्या आधी जन्मला. ज्याला त्या जंतूचा धोका सगळ्यात जास्त, त्याला ती लस कोणी देऊच केली नाही. सिकलसेलच्या मुलांना दोन वर्षांनंतर आणखी एका वेगळ्या न्यूमोकोकल लसीचीही गरज असते, आणि ती नेहमीच्या लसीकरणात नाही. बाजारात या लसी हजारांच्या घरात जातात.

कोविडच्या वेळीही असेच झाले. १ मार्च २०२१ पासून आजारी लोकांना आधी लस देण्याची जी यादी निघाली तिच्यात सिकलसेल होता, पण अट पंचेचाळीस वर्षांची. सिकलसेलचे आपले बहुतेक रुग्ण तरुण. त्यांना मे महिन्यापर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही आधी फोनवर नोंदणी करावी लागत होती. म्हणजे आपल्या वस्त्यांवर लसीच्या नावाने अन्याय झालाच नाही असे नाही. पण तो जबरदस्तीने देण्याचा कमी आणि न देण्याचा जास्त आहे. जितका जोर आपण 'नको' म्हणायला लावतो, तितका 'आमच्या मुलाची कुठे आहे?' म्हणायला लावला पाहिजे.

विदर्भातल्या तपासण्यांत आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळला आहे. नंदुरबारमध्ये भिल्ल आणि पावरा बांधवांच्या घरोघरी तो आहे. ही मागणी दोन्ही समाजांनी मिळून करायची आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. ग्रामसभेत आणि आरोग्य केंद्रात लेखी मागा: सिकलसेलच्या प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड तपासा, राहिलेल्या न्यूमोकोकल लसी मोफत द्या.

आणि घरात काय करायचे ते थोडक्यात. लस देण्याआधी सिस्टरला सांगा की घरात सिकलसेल आहे. मुलाला जोराचा ताप किंवा कळा चालू असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. एक-दोन दिवस ताप आणि सूज येऊ शकते. मोठ्या मुलाला भरपूर पाणी द्या, बाळाला अंगावर जास्त वेळा पाजा, आणि तापाचे औषध सांगितलेल्या मापानेच द्या. एसएस मुलाला कधीही, लसीनंतर असो वा नसो, १०१ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. बाळाची सिकलसेल तपासणी करताना एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस मागा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि त्या माउलीला माझे उत्तर: बाई, तू विचारलेस हे चांगले केलेस. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. येत्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन जा. आणि जाताना मोठ्यालाही सोबत ने. सिस्टरपुढे दोघांची कार्डे ठेव आणि विचार, "ह्याचं देताय, मग ह्याचं कधी?" मासिकाच्या पानावर मी तुझ्याबरोबर विचारतेच आहे. विहारातल्या बाकीच्यांनीही तुझ्याबरोबर जावे.

जय भीम. नमो बुद्धाय.